४के मॉनिटरला पेलेल असा डेस्कटॉप: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

अंतरपाट खाली येतो तो क्षण दीड-दोन सेकंदांचा असतो. तेवढ्यात माझा कॅमेरा दहा-बारा फ्रेम टिपतो आणि अल्बममध्ये त्यातली एकच जाते. नवरीने डोळे वर केलेत, पण अक्षता अजून चेहऱ्यासमोर आलेल्या नाहीत, अशी ती एक. ती शोधायची तर प्रत्येक फ्रेम शंभर टक्के मोठी करून बघावी लागते, कारण फोकस पापण्यांवर आहे की मुंडावळ्यांच्या मोत्यांवर सरकलाय हे त्याशिवाय कळत नाही. जुन्या मशीनवर दर वेळी चित्र आधी धूसर यायचं आणि तीन-चार सेकंदांनी साफ व्हायचं. एका लग्नाचे साडेतीन हजार फोटो असले की या सेकंदांचे तास होतात, आणि ते तास माझ्या झोपेतून जातात.

आमचा स्टुडिओ चिपळूणचा, बाबांनी सुरू केलेला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं, संगणकासकट. त्यानंतर घाईघाईत जे मिळालं ते घेतलं होतं: इंटेलचा कोअर आय५-१०४००, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांचे भाव इतके चढले होते की हात लावायची सोय नव्हती. फुल एचडी मॉनिटरवर त्या मशीनने तीन वर्षं काम निभावून नेलं, हे त्याचं श्रेय मी नाकारणार नाही.

गणित बिघडलं ते २०२४च्या गणपतीत मी २७ इंची ४के मॉनिटर आणल्यावर. पहिल्या संध्याकाळी नऊवारीच्या काठावरची जर बघून बाबा खुर्ची ओढून शेजारीच बसले. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले तर माऊसचा बाणसुद्धा उड्या मारत चालत होता. आधी वाटलं मॉनिटरच खराब निघाला. कारण वेगळंच होतं. त्या जुन्या मशीनचा एचडीएमआय पोर्ट ४केवर सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलू शकत होता, ६० वेळा नाही. डिस्प्लेपोर्टची केबल आणून लावली आणि बाण सरळ चालायला लागला. तुमचंही ४केवर असं अडखळत असेल तर नवीन मशीनचा विचार करण्याआधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ३० हर्ट्झ लिहिलंय का ते बघा. चारेकशे रुपयांच्या केबलचं काम असू शकतं.

लाइटरूम, म्हणजे मी फोटो निवडते आणि सुधारते ते सॉफ्टवेअर, मात्र तसंच रेंगाळत राहिलं, आणि त्याचं कारण मला नीट समजून घ्यावं लागलं. फुल एचडी पडद्यावर साधारण २१ लाख पिक्सेल असतात, ४केवर ८३ लाख. म्हणजे एक्स्पोजरची (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची) पट्टी जराशी सरकवली की मशीनला आधीच्या चौपट ठिपके नव्याने रंगवावे लागतात. फोटो तोच, कॅमेरा तोच, काम चौपट. हे दुकानात कुणी सांगत नाही. तिथे प्रोसेसरचा आकडा सांगतात, रॅम सांगतात, पण ‘ताई, तुमचा मॉनिटर कुठला?’ असं मला एकाही दुकानदाराने विचारलं नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

नवीन मशीन येईपर्यंत दोन गोष्टींनी मला तारलं. लाइटरूम क्लासिकच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यूवर, म्हणजे तिच्या लहान प्रतीवर, एडिट करायची सोय आहे. त्या प्रिव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सेलची असते, त्यामुळे पट्ट्या हलक्या चालतात. फक्त शार्पनिंग आणि नॉइज (फोटोतले दाणे) बघायला मूळ फाइलवर परत यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे चित्राची खिडकी लहान करून काम करणं. पण एवढा मोठा पडदा घेऊन त्याच्या अर्ध्याच भागात काम करायचं, हे माझ्या जिवाला लागत होतं.

मग तीन पर्याय समोर ठेवले. अॅपलचा आयमॅक मी लवकर बाजूला केला. त्याचा २४ इंची ४.५के पडदा देखणा आहे, पण पडदा आणि मशीन एकाच अंगात. एक बिघडलं की दोन्ही पुण्याला न्यायची, आणि माझ्याकडे मॉनिटर आधीच होता.

मॅक मिनीवर, म्हणजे अॅपलच्याच पडद्याविना येणाऱ्या छोट्या मशीनवर, मात्र माझा जीव जडला होता. माझ्या मावसभावाने पुण्यात एम४ चिपवाला घेतला होता, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचा, ५९,९०० रुपयांचा. जानेवारीत आठवडाभर तो माझ्याकडे ठेवून घेतला. पाच इंच लांब, पाच इंच रुंद, दोन इंच उंच, आमच्या जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. चालू आहे की बंद हे कान लावूनही कळत नव्हतं. माझ्या सोनी ए७ फोरच्या ३३ मेगापिक्सेलच्या रॉ (कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या) फाइल त्याने अशा उघडल्या की पहिल्या दिवशी मी विकत घ्यायचं ठरवूनच टाकलं होतं. वीजही फारच कमी खातो. आमच्याकडे पावसाळ्यात दिवे जातात तेव्हा साध्या यूपीएसवर तो निवांत चालला असता.

तिसऱ्या दिवशी अल्बमचं काम काढलं. करिझ्मा अल्बमचं, म्हणजे फोटो थेट पानावर छापलेल्या अल्बमचं, एक पान १२ बाय ३६ इंचांचं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ३६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होतं, जवळजवळ चार कोटी. त्याचा एक भरलेला थर (लेयर) साध्या ८ बिटमध्येच ११५ एमबीच्या आसपास जातो, आणि माझ्या पानावर फ्रेम, सावल्या, फुलं, मजकूर धरून पंचवीस-तीस थर सहज असतात. फोटोशॉपमध्ये असं एक पान, मागे लाइटरूम उघडं, ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाचं व्हॉट्सअॅप. १६ जीबी रॅम भरली आणि मशीन स्टोरेजमधून जागा उसनी घ्यायला लागलं. अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरीचा आलेख हिरव्याचा पिवळा झालेला मी बघितला. त्यात मॅकची एक खोड आहे. २७ इंची ४के मॉनिटरवर अक्षरं वाचण्याजोगी ठेवायला २५६० गुणिले १४४०चा आकार निवडला की तो आतमध्ये ५१२० गुणिले २८८० एवढं चित्र रंगवतो आणि मग ते ४केमध्ये बसवतो. म्हणजे ग्राफिक्सवरचा भार ४केच्याही वरचा. लाइटरूममध्ये मला तो जाणवला नाही, हेही खरं.

मॅक मिनीची रॅम नंतर वाढवता येत नाही. घेतानाच २४ जीबी आणि ५१२ जीबी घ्यायची तर तेव्हा ९९,९०० रुपये पडत होते. वर एसडी कार्डाला खाच नाही, जुन्या यूएसबीचा पोर्ट नाही, म्हणजे कार्ड रीडर, हब आणि बाहेरची एसएसडी आलीच. तरीही मी घेतला असता. अडलं ते माझ्या जुन्या कामापाशी. आमच्या अल्बमच्या टेम्प्लेटमधला मराठी मजकूर वर्षानुवर्षं श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, अल्बम मांडायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्याला डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लागतो. सगळं नव्याने करायला मला एक अख्खा पावसाळा लागला असता.

तुमचं काम फक्त लाइटरूमचं असेल, जुनं ओझं नसेल, तर मॅक मिनी घ्या. २४ जीबीचा घ्या. माझं मत यात ठाम आहे.

मी असेम्बल केलेलं मशीन घेतलं, फेब्रुवारी २०२५मध्ये. एएमडीचा रायझन ७ ७७००, बी६५० मदरबोर्ड, रॅमच्या ३२-३२ जीबीच्या दोन पट्ट्या, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड ८ जीबीवालं, १ टीबी आणि २ टीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी. मॉनिटर सोडून १ लाख १४ हजार झाले. (४०६०च्या जागी आता ५०६० आलंय. आणि रॅमचे भाव २०२५च्या अखेरीस भडकले, त्यामुळे आज हाच आकडा धरून दुकानात जाऊ नका.) पहिल्या दुकानाने मला दिव्यांचं झगमगतं कॅबिनेट, याहून दुप्पट किमतीचं कार्ड आणि फक्त १६ जीबी रॅम असं कोटेशन दिलं होतं. ते खेळ खेळणाऱ्या मुलांचं मशीन. फोटोच्या कामात पैसा कार्डावर ओतण्यापेक्षा रॅममध्ये घालावा, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा सुकला. ज्यांच्याकडे शेवटी घेतलं त्यांनी कोटेशनमध्ये लिहिलेल्या कंपनीचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) न घालता भलताच घातला होता. घरी येऊन बाजूची काच उघडली तेव्हा लक्षात आलं. दोन हेलपाटे घालून बदलून घेतला. मशीन ताब्यात घेताना दुकानातच उघडून एकेक भाग बिलाशी ताडून बघा, लाज वाटू देऊ नका.

आता अनुभव. अंतरपाटाच्या त्या फ्रेम मी बाणाच्या कळीने पुढे ढकलते आणि चित्र धूसर राहत नाही. फोटो लाइटरूममध्ये घेतानाच शंभर टक्क्यांचे प्रिव्ह्यू करून ठेवते, म्हणजे रात्री मशीन राबतं आणि सकाळी मी. सगळ्यात जास्त फरक पडला डिनॉइजमध्ये, म्हणजे अंधारातल्या फोटोंवरचे दाणे पुसण्यात. मंगल कार्यालयात जांभळे एलईडी सोडतात, स्टेजमागे अंधार असतो, कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० वर गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. अशा एका फोटोला जुन्या मशीनवर मी चहा करून, पिऊन, कप विसळून यायचे. मावसभावाच्या मॅकवर पाऊण मिनिटाच्या आसपास लागायचं. इथे वीस सेकंदांच्या आत-बाहेर होतं, कारण हे काम जवळजवळ पूर्ण ग्राफिक्स कार्डावर चालतं. पन्नास फोटो निवडायचे, लावून द्यायचे आणि जेवायला जायचं.

अल्बमची पानं चार-चार उघडी ठेवली तरी रॅम अजून शिल्लक असते. नवीन मजकूर मी आता युनिकोडमध्येच टाइप करते. फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेलं नसेल तर ‘शुभविवाह’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते. ते एकदा छापून आलं की नवरीच्या वडिलांना तोंड दाखवायला जागा राहत नाही.

त्रासाच्या गोष्टीही सांगते. विंडोजमध्ये अक्षरं मोठी दिसावीत म्हणून १५० टक्के स्केलिंग ठेवल्यावर अल्बमचं जुनं सॉफ्टवेअर पुसट दिसतं, त्याला अजून इलाज सापडला नाही. पंखे ऐकू येतात, डिनॉइज चालू असताना तर चांगलेच. ६०० व्हीएचा जुना यूपीएस एप्रिलमध्ये नेमका फोटो एक्स्पोर्ट होत असताना बसला, तेव्हा ११०० व्हीएचा घ्यावा लागला. आणि मे महिन्यात एक दिवस सगळं पुन्हा रेंगाळायला लागलं. मी दोन तास ड्रायव्हर, कॅश, सगळं तपासत बसले. सफाईला आलेल्या मुलाने मॉनिटरची केबल कार्डात लावायच्या ऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचली होती. या रायझनमध्ये लहानसं ग्राफिक्स अंगचंच असल्याने पडद्यावर चित्र येतं, म्हणून चूक ध्यानात येत नाही. आता त्या पोर्टावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

रंगांबद्दल एकच सांगायचंय, पण ते मला मशीनइतकंच महत्त्वाचं वाटतं. मॉनिटर खोक्यातून आला तेव्हा फार उजळ होता. त्यावर बघून दिलेला पहिला अल्बम छापून काळपट आला, हळदीच्या फोटोंत चेहरे मातकट दिसत होते. मित्राकडून कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून बसवायचं यंत्र) आणून उजेड १२० निट्सवर आणला, पांढरा रंग डी६५ या प्रमाणाला बसवला, आणि छापणाऱ्या लॅबला फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच पाठवायला लागले. त्यानंतर हळदीचा पिवळा कागदावरही हळदीसारखाच उतरतो.

बाबा ऐन उमेदीत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे, काचेखाली दिवा लावून, डोळे बारीक करून. आता ते माझ्या मागे बसून पडद्यावर बोट ठेवतात, ‘इथला डाग काढ’ म्हणतात, आणि डाग त्यांचं बोट उचलायच्या आत गेलेला असतो. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा तारखा सुरू होतील. त्याआधी कॅबिनेटची जाळी काढून धुवायची आहे आणि रोजच्या बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर न्यायची आहे, पाणी गेल्या खेपेला जिथपर्यंत आलं होतं त्याच्या वर.