कुंडीतल्या ब्लूबेरीसाठी फ्लीसची खोळ: कामाची आहे, पण जानेवारीत नाही

हिवाळा तोंडावर आला की अमेरिका-कॅनडातल्या बागकामाच्या दुकानांत झाडांना घालायच्या पांढऱ्या खोळी दिसू लागतात. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं (एक प्रकारचं प्लॅस्टिक) कापड, म्हणजेच फ्लीस, बाजूला झिप, खाली आवळायला नाडी. कुंडीतल्या ब्लूबेरीवर ही खोळ चढवली की हिवाळा निभावला, अशा समजुतीने ती घेऊ नका. झाड जगवण्याचं काम ती करत नाही. तिचं खरं काम वसंतात आहे, आणि ते मात्र ती चोख करते.

थंडीने आधी मरतात ती मुळं, फांद्या नव्हेत. मिनेसोटा विद्यापीठाने १९८३ मध्ये दिलेल्या 'नॉर्थब्लू' आणि 'नॉर्थस्काय' या बुटक्या जाती पूर्ण सुप्तावस्थेत उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी फांद्यांवर सोसतात. मुळांना ती ताकद नसते. बहुतेक झुडपांची मुळं उणे ५ ते उणे १५ च्या दरम्यानच दगावतात. जमिनीत हे जाणवत नाही, कारण खालच्या मातीत ऊब असते आणि वर बर्फाची दुलई असते. कुंडीला मात्र चारही बाजूंनी गारठा लागतो. एप्रिलमध्ये कळ्या फुगतात, कोवळी पानं येतात आणि पंधरा दिवसांत सगळं वाळतं, तेव्हा झाड जानेवारीतच मुळाशी मेलेलं असतं.

कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही, मातीतून निघणारी ऊब थोडा वेळ अडवून धरतं. चौरस मीटरला ५०-६० ग्रॅम वजनाचं जाड फ्लीस एका रात्रीपुरता तीन-चार अंशांचा फरक पाडतं. आठवडाभर पारा उणे २० वर राहिला तर बारा-पंधरा लिटरच्या कुंडीत अडवून धरायला ऊबच उरत नाही. त्यात बरेच जण नाडी खोडाभोवती आवळतात. म्हणजे फांद्या झाकलेल्या आणि कुंडी उघडी, नेमकं उलटं.

मुळांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कुंडी जमिनीत पुरणं. पानं गळल्यावर, जमीन गोठण्याआधी, पाणी साचणार नाही अशा जागी कुंडीच्या उंचीएवढा खड्डा घ्या आणि काठ जमिनीला समतल येईल अशी ती बसवा. भरपूर पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश थंड होते. वर १५-२० सेंटिमीटर पाइनच्या सुया किंवा पालापाचोळा पसरा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. उंदीर आणि ससे बर्फाआडून साल कुरतडतात, म्हणून ६ मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी गोल उभी करा.

अंगण नसेल तर न तापवलेलं गॅरेज चालतं. तिथे उणे ५ ते अधिक ७ अंश असावेत. उबदार खोलीत झाड नेऊ नका: उत्तरेकडच्या उंच जातींना ७ अंशांखालचे साधारण ८०० ते १००० तास मिळाले नाहीत तर बहर नीट येत नाही. सुप्त झाडालाही पाणी लागतं. दोन-तीन आठवड्यांनी माती चाचपून पाहा, कोरडी आणि न गोठलेली असेल तरच थोडं पाणी द्या. आणि दसरा-दिवाळीला खत घालायची आपल्याकडची सवय इथे सोडावी लागते. जुलैच्या सुरुवातीनंतर खत दिलं तर कोवळी फूट येते आणि ती पहिल्याच कडाक्यात जळते.

आता खोळीचं खरं काम. मे महिन्यात ब्लूबेरी फुलावर असताना उशिराचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं. उमललेलं फूल उणे २ च्या आसपास मरतं. पाकळ्या शाबूत दिसतात, पण आतला भाग तपकिरी पडतो आणि फळ धरत नाही. अशा रात्री ते तीन-चार अंश वर्षाचं पीक वाचवतात. सूर्यास्ताआधी खोळ घाला आणि नाडी कुंडीच्या खाली आवळा, म्हणजे मातीची ऊब आत राहील. सकाळी पारा शून्याच्या वर गेला की काढा, नाहीतर भुंग्यांना फुलं सापडणार नाहीत. हिवाळ्यात तिचा एक दुय्यम उपयोग आहे: वाऱ्याने काटक्या सुकण्यापासून आडोसा. त्यासाठी साधं गोणपाटही पुरतं. पारदर्शक प्लॅस्टिक मात्र नको. उन्हात आत उकाडा होतो, कळ्या वेळेआधी जाग्या होतात आणि रात्री मरतात.

विकत घेताना वजन बघा. १७-२० ग्रॅमचं पातळ कापड एक-दोन अंशांपलीकडे काही देत नाही. झिपजवळची शिवण आधी उसवते, तेव्हा तिथे दुहेरी टीप आहे का ते पाहा. खोळ झाडापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर उंच असावी आणि आत बांबूच्या तीन काठ्या उभ्या कराव्यात. ओल्या बर्फाच्या भाराने कापड फांद्यांवर बसलं तर फळफांद्या मोडतात, आणि दहिवराच्या रात्री कापडाला टेकलेली फुलंच आधी जातात. उन्हाने पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, म्हणून काम झालं की वाळवून घडी घालून सावलीत ठेवा.