पूर्वजांचा शोध: आधी नाशिकची वही की तहसीलचं दप्तर?

वंशावळ लिहायचं मनावर घेतलं की बरेच जण थेट नाशिकला निघतात. मी म्हणेन, आधी तहसील. आणि त्याही आधी घरातली सगळ्यात थकलेली आत्या किंवा आजी. मूळ गाव, जुनं आडनाव, कुलदैवत, कोणाची मुलगी कुठे दिली, हे तिच्याकडूनच कळतं. त्याशिवाय पुढे दोन्हीकडून हात हलवत परतावं लागतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव नि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते समजतं. पान उघडतं आणि पणजोबांच्या हातची सही समोर येते, सोबत मुलगे, भाऊ, पुतणे. ते अक्षर पाहताना घसा दाटून येतो, असं दुसऱ्या कुठल्या कागदाने होत नाही. पण जो तीर्थाला गेलाच नाही तो वहीत नाही, आणि लेकींचा माग तिथे सहसा लागत नाही.

तहसिलात मला जास्त सापडतं ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणाऱ्या गाव नमुना 6 मध्ये. खातेदार वारला की वारसनोंद होते: मयत कोण, मागे कोण, नातं काय. सातबाऱ्यावर बहिणींची नावं अनेकदा ‘इतर हक्कात’ दिसतात. वंशावळीतून गळून पडलेल्या कितीतरी आज्या मला इथेच भेटल्या. मात्र मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903चा, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे नेत नाही. जमीनच नसेल तर कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. जातपडताळणीसाठी शोधत असाल तर प्रमाणित नक्कल इथूनच मिळते. काही जिल्ह्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवरही पाहता येतात.

डीएनए चाचणीने पणजीचं नाव कळत नाही. सुरुवातीला त्या चाचणीवर खर्च करू नका.

जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतील, मराठवाड्यात निजामकाळातले उर्दूत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो, त्यामुळे एका नावाची दोन नावं सहज होतात. नाव वंशावळीत चढवण्याआधी तो कागद दोन जाणकारांकडून वेगवेगळा वाचून घ्या.