व्हीएचा पुढचा क्लेम: आत्ता टाकायचा की थांबायचं?

अमेरिकन फौजेत सर्व्हिस करून बाहेर पडलेली मराठी मंडळी थोडी असली तरी आहेत. काही मावनी प्रोग्राममधून (गरजेच्या भाषा येणाऱ्या परदेशी लोकांना फौजेत घेणारी योजना) हिंदीच्या जोरावर भरती झालेली, काही इथेच जन्मलेली आपली पोरं. त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो, की व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, सर्व्हिसमुळे झालेल्या दुखण्याच्या भरपाईचा पहिला क्लेम झाला, गुडघ्याला नि पाठीला रेटिंग (टक्केवारी, जिच्यावर महिन्याचे पैसे ठरतात) मिळालं, आता मायग्रेन आहे, कानात सतत शिट्टी वाजते, तर दुसरा क्लेम लगेच टाकायचा की सगळे कागद हातात आल्यावर? माझं मत असं की बहुतेकांनी तारीख आजच पकडावी आणि कागद नंतर जमवावेत. पण काही जणांनी खरंच थांबून विचार करायला हवा, आणि ते कोण हे नीट कळलं पाहिजे.

आधी "लगेच" ची बाजू. व्हीएकडून पैसे कधीपासून मिळणार हे इफेक्टिव्ह डेटवर ठरतं, आणि नवीन आजाराच्या क्लेमला ती सर्वसाधारणपणे क्लेम पोचल्याची तारीख किंवा तुम्ही हक्कदार झालात ती तारीख, यातली जी नंतरची ती. म्हणजे त्रास पाच वर्षांपासून असला तरी क्लेम आज टाकलात तर मागचे पैसे सहसा मिळत नाहीत. डॉक्टरचं पत्र येऊ दे, मग बघू म्हणत दहा महिने काढले तर ते दहा महिने गेलेच समजा.

"थांबा" वाल्यांचं म्हणणंही चुकीचं नाही हां. अर्धवट कागदांवर क्लेम टाकला, सी अँड पी एक्झामला (क्लेमसाठीची वैद्यकीय तपासणी) गेलात, एक्झामिनरने लिहिलं की सर्व्हिसशी संबंध दिसत नाही, की आला नकार, आणि मग सप्लिमेंटल क्लेम (नवीन पुराव्यासह परत), हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठांकडून फेरतपासणी) नाहीतर व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील. निकालाच्या तारखेपासून वर्षाच्या आत यातलं एक केलंत तर मूळ तारीख टिकते, वर्ष उलटलं तर सहसा जाते. म्हणून घाईत टाकलेला कच्चा क्लेम हासुद्धा तोट्याचाच.

या दोन्हीच्या मधली सोय म्हणजे इंटेंट टू फाइल, म्हणजे क्लेम टाकणार असल्याची आगाऊ नोंद, फॉर्म २१-०९६६. ऑनलाइन अर्ज सुरू करून सेव्ह केला तरी तारीख लागते, फोनवरही होतं, आणि त्यानंतर पूर्ण क्लेम द्यायला एक वर्ष मिळतं. वर्षाच्या आत क्लेम गेला आणि मंजूर झाला तर इफेक्टिव्ह डेट इंटेंटच्या तारखेपर्यंत मागे जाऊ शकते. तारीखही हातात आणि कागदांना वेळही, मग थांबण्याचं कारण उरतं कुठे?

पण इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एका इंटेंटला एकच क्लेम जोडला जातो. त्या क्लेममध्ये आजार कितीही घाला, पण गुडघा आज पाठवला आणि मायग्रेन चार महिन्यांनी, तर मायग्रेनला ती जुनी तारीख मिळणार नाही, तो इंटेंट गुडघ्यातच खर्च झाला. तेव्हा जे जे टाकायचंय ते एकाच वेळी टाका, आणि काही राहिलंच तर त्यासाठी त्याच दिवशी नवीन इंटेंट करा. नकाराविरुद्धची जी एक वर्षाची मुदत आहे ती इंटेंटमुळे वाढते असं मात्र धरून चालू नका.

आता नवीन आजार, सेकंडरी आणि वाढीव रेटिंग, हे तिन्ही लोक एकाच मापाने मोजतात, तसं करू नका. सेकंडरी म्हणजे आधीच मंजूर असलेल्या त्रासामुळे झालेला दुसरा त्रास, एक गुडघा वाचवत चालल्यामुळे दुसरा गुडघा किंवा कंबर गेली तसा. यात थांबून काम पक्कं केल्याचा फायदा होतो, कारण अमक्यामुळे तमकं झालं हे डॉक्टरने कारणासहित लिहिलेलं पत्रच सगळा भार उचलतं. तेव्हा इंटेंट करा आणि पत्रासाठी खुशाल तीन-चार महिने घ्या. वाढीव रेटिंगला उलट थोडी सवलत आहे, त्रास वाढल्याचं रेकॉर्डमध्ये दिसत असेल आणि त्यापासून वर्षाच्या आत क्लेम गेला तर वाढलेल्या तारखेपर्यंत मागे जाता येतं. पण वाढ मागताना तो आजार परत तपासला जातो, आणि सुधारणा दिसली तर कमी करायचा प्रस्तावही येऊ शकतो. असं पत्र आलं तर घाबरू नका पण ड्रॉवरमध्येही टाकू नका, पुरावा द्यायला ६० दिवस असतात आणि सुनावणी मागायची असेल तर पहिल्या ३० दिवसांत मागावी लागते.

टाकण्याआधी व्हीएचं गणित कागदावर करून बघाच, टक्के सरळ बेरीज होत नाहीत. समजा तुमचे ५०, ३० आणि २० आहेत. १०० मधून ५० गेले, उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५, झाले ६५. उरलेल्या ३५ चे २० टक्के ७, झाले ७२, आणि जवळच्या दहाला आणून ७०. आता कानातल्या शिट्टीचे फक्त १० मिळाले तर ७२ चे होतात ७५, आणि ७५ वर जाऊन ८०! एवढ्याशा दहा टक्क्यांनी पुढची पायरी. पण ज्याचे बरोबर ९० आहेत त्याला तेच १० मिळाले तर ९१, म्हणजे परत ९०च, त्याला १०० ला जायला आणखी ५० लागतात. पहिल्याने एक दिवसही थांबू नये. दुसऱ्याला घाई नाही, तरी सर्व्हिस कनेक्शन (आजार सर्व्हिसमुळे झाला ही व्हीएची मान्यता) मिळून राहतं म्हणून मी टाकाच म्हणेन.

खरंच थांबून विचार करायचा तो १०० टक्के पर्मनंट अँड टोटल (पूर्ण आणि कायमचं अपंगत्व धरलेल्या) वाल्यांनी. तिथे नवीन क्लेमने महिन्याचा आकडा सहसा वाढत नाही, आणि फाइल उघडली की कोणीतरी ती परत वाचणार. अशांनी काय मिळणार ते आधी ठरवावं. एकच आजार १०० चा असेल आणि बाकीचे वेगळे आजार मिळून ६० होत असतील तर स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन, म्हणजे महिन्याला जास्तीची रक्कम, मिळतं, तिथे अर्थ आहे. दुसरं कारण घरच्यांचं. व्हेटरनचा मृत्यू सर्व्हिस कनेक्टेड आजाराने झाला तर जोडीदाराला डीआयसी (मागे राहिलेल्यांना महिन्याची भरपाई) मिळतं, दुसऱ्या कारणाने झाला तर साधारणपणे आधी दहा वर्षं टोटल रेटिंग असावं लागतं. हृदयाचं दुखणं सर्व्हिसशी जोडता येत असेल आणि दहा वर्षं झालेली नसतील, तर बायकोचा विचार करून मी तो क्लेम टाकेनच. संरक्षणाची वर्षंही मोजा: दहा वर्षांनी सर्व्हिस कनेक्शन फसवणुकीसारख्या कारणाशिवाय काढत नाहीत, आणि वीस वर्षं टिकलेलं रेटिंग तसंच खाली आणत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी उगाच त्याच आजाराची वाढ मागण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं.

इराक-अफगाणिस्तानात बर्न पिटच्या (कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या) धुरात राहिलेल्यांचं वेगळं. २०२२ च्या पॅक्ट अ‍ॅक्टने दमा, सायनस, बरेच कॅन्सर प्रिझम्प्टिव्ह केले, म्हणजे संबंध सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर नाही, निदान आणि तिथली सर्व्हिस दाखवा. यात पत्रासाठी थांबायचं कारणच नाही. अजून युनिफॉर्ममध्ये असाल तर सुटण्याआधी १८० ते ९० दिवसांत बीडीडी (सुटण्याआधीचा) क्लेम टाका. ते हुकलं तरी सुटल्यापासून वर्षाच्या आत टाकलंत तर तारीख सुटल्याच्या दुसऱ्या दिवसाची मिळू शकते.

आणि कृपा करून पहिल्या क्लेमसाठी कोणाला टक्केवारी देऊ नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट करतात. वाढलेल्या रकमेचे अमुक महिन्यांचे पैसे आम्हाला द्या म्हणणाऱ्या कंपन्या बघून माझा जीव तुटतो, ते तुमच्या दुखण्याचे पैसे आहेत.

पुण्याला किंवा नाशिकला परत जायचा विचार असेल तर शून्य टक्क्याचा (संबंध मान्य, पण पैसे नाहीत) क्लेमही सोडू नका. भारतात व्हीएचा फॉरेन मेडिकल प्रोग्राम फक्त सर्व्हिस कनेक्टेड आजारांचा आणि त्यांच्याशी जोडलेल्या त्रासांचा खर्च देतो, त्यामुळे इथे फुकट वाटणारा शून्य तिथे हॉस्पिटलचं बिल भरतो. आणि तिथून सी अँड पी एक्झाम जुळवून आणणं हे अमेरिकेत राहून करण्यापेक्षा पुष्कळ वेळखाऊ, म्हणून एक्झाम लागणारे क्लेम तिकीट काढायच्या आधी उरकून घ्या.