सत्तरी तालुक्यातील कुटुंबाने दुधासाठी गाय घ्यावी की शेळ्या?

गोव्यातील सत्तरी, सांगे किंवा काणकोण भागात थोडे कुळागर (माडा-पोफळींची बाग) आणि काजूची बाग असलेल्या कुटुंबाने दूधधंद्यात उतरताना जनावराआधी गिऱ्हाइकाचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. गाईचे दूध गावची सहकारी संस्था रोज मोजून घेते, फॅट आणि एसएनएफ (फॅटशिवायचे घन घटक) पाहून दर देते. ही सारी व्यवस्था गाई-म्हशींच्या दुधासाठी उभी आहे. शेळीच्या दुधाला गिऱ्हाईक ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

चांगली संकरित गाय दिवसाला 8 ते 10 लीटर दूध देते, तर कोकण कन्याळ शेळीकडून करडांचे भागवून अर्ध्या लीटरच्या आसपासच मिळते. त्यामुळे महिन्याचा खर्च केवळ दुधावर चालवायचा असेल तर गाईला पर्याय नाही. मात्र तिला रोज 20 ते 25 किलो हिरवा चारा लागतो, आणि तिला स्तनदाह झाला किंवा ती वेळेवर गाभण राहिली नाही, तर कुटुंबाची मिळकतच थांबते. तेवढ्याच चाऱ्यावर पाच-सहा शेळ्या पोसतात. शेळी सुमारे 150 दिवसांत विते, नीट सांभाळल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात आणि जुळी करडेही होतात. शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च अचानक उभा राहिला तर एक बोकड विकून वेळ निभावते. त्यासाठी गाय विकली तर दूधच संपते. गोव्यातील गवळी-धनगर कुटुंबांनी शेळ्या जपल्या, त्यामागे हा आधार मोठा आहे.

खरी कसोटी पावसाची. सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात गाय भिजणे सोसते, शेळी सोसत नाही. ओल्या जमिनीवर खूर कुजतात, पोटात जंत वाढतात, न्यूमोनिया होतो. म्हणून जमिनीपासून उंच, फटी असलेल्या लाकडी फळ्यांचा गोठा आणि पावसाळाभर पुरेल असा फणसाचा पाला, शेवरी व सुके गवत यांची तजवीज आधी करावी. बीटल शेळी दूध जास्त देते, पण ती पंजाबच्या कोरड्या हवेतली. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ इथल्या पावसाला सरावलेली आहे. पहिल्या वेळी तिलाच पसंती द्यावी.

शेळ्या काजूची कोवळी कलमे खातात आणि रानालगत बिबट्याचे भय असते, त्यामुळे त्यांना मोकळे सोडता येत नाही. बांधून ठेवल्याने लेंडीखत मात्र माडा-पोफळींसाठी आयते मिळते.

बोकड दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधावा, नाहीतर दुधाला वास लागतो. दूध नेहमी उकळूनच वापरावे. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेळीचे दूध चालेलच असे नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. शेळ्या घ्यायचे ठरल्यास खरेदी दिवाळीनंतर करावी आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस आधी टोचून घ्यावी, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत कळप गोठ्याला रुळतो.