रबर रूफवर सोलर पॅनेल बसवताय? मग डायकॉरचं सीलंट घ्याच

इकडे अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलेली बरीच मराठी मंडळी आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. सोलर किट कुठलं घेऊ हे सगळे विचारतात पण छताला भोक पाडल्यावर ते बंद कशाने करायचं हे कोणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पॅनेल खराब झालं तर बदलता येतं हो. छतात पाणी शिरलं की मात्र रबराखालचं प्लायवूड गुपचूप कुजत राहतं, आतल्या सीलिंगला डाग दिसेपर्यंत पत्ताच लागत नाही आणि मग रिपेअरचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं.

तर हा रिव्ह्यू डायकॉर कंपनीच्या 501 एलएसडब्ल्यू सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंटचा, म्हणजे आपोआप सपाट पसरून भोकं-जोड बुजवणाऱ्या लुकणाचा. आमचा ट्रेलर ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) छताचा, त्यावर 200 वॅटचे दोन कडक पॅनेल झेड ब्रॅकेटवर (Z आकाराचे धातूचे पाय) बसवले आणि प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पाय याच सीलंटने झाकला. कॅलिफोर्नियाचा पाऊस झाला, मोहावे वाळवंटाचं ऊन झालं, अजून एक थेंब आत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

सोलरची गरज का पडली ते सांगतो. आई-बाबा साताऱ्याहून आले की आम्ही त्यांना नॅशनल पार्क फिरवतो आणि बाबांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून हवा देणारं) लागतं. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंडला वीज नाही, पाणी नाही, जनरेटर लावायचा तर सकाळ, दुपार, संध्याकाळ दोन-दोन तासच परवानगी. रात्री मशीन बंद पडून चालणारच नव्हतं. म्हणून 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, व्हिक्ट्रॉन कंपनीचा 100/30 एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा, 12 व्होल्टवर 440 वॅटपर्यंत घेतो, आपले 400 आरामात बसतात) आणि हे पॅनेल. आता बाबा निवांत झोपतात.

आता छताकडे येऊ. पहिल्यांदा आपलं छत कुठलं ते ओळखा. जुन्या ईपीडीएमवरून हात फिरवला की पांढरी पावडर हाताला लागते आणि वरचा पांढरा थर खरवडला तर खाली काळं रबर दिसतं. टीपीओ (छताचा दुसरा, प्लास्टिकसारखा प्रकार) असेल तर एवढी पावडर येत नाही. हे ओळखणं गरजेचं कारण त्या पावडरवर कुठलंच सीलंट, कुठलीच टेप धरत नाही. साबण-पाण्याने घासा, पूर्ण वाळू द्या, मग ब्रॅकेटच्या जागेपुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं-पांढरं यायचं थांबेपर्यंत. पेट्रोल, टर्पेंटाइन असलं काही चुकूनही लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं.

बरेच जण म्हणतात भोकं कशाला, व्हीएचबी टेपने (फार घट्ट धरणारी दोन्ही बाजूंनी चिकट टेप) चिकटव आणि मोकळा हो. फायबरग्लासच्या छतावर ठीक आहे. पण रबराच्या छतावर जरा विचार करा, टेप रबराला कितीही घट्ट धरेल, ते रबर स्वतः खाली प्लायवूडला फक्त गोंदाने चिकटलेलं असतं. हायवेला 65 मैलांच्या वेगात पॅनेलखाली वारा घुसला की टेप सुटत नाही, रबरच वर उचललं जातं. म्हणून जोर लाकडाने घ्यायचा आणि पाणी सीलंटने अडवायचं, ही दोन वेगळी कामं आहेत.

प्लायवूड बऱ्याच ट्रेलरमध्ये जेमतेम 3/8 इंच असतं त्यामुळे जमेल तिथे स्क्रू खालच्या राफ्टरमध्येच (छताच्या आडव्या वाशात) घ्या. तिरप्या उन्हात छताकडे बघितलं तर रबराखाली स्क्रूच्या डोक्यांचे बारीक उंचवटे एका रांगेत दिसतात, तीच राफ्टरची लाइन. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि लांबी मोजून घ्या, खाली वायरी असतात. वर चढल्यावर गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवा म्हणजे वजन एका जागी येत नाही.

ब्रॅकेटच्या पायाखाली आधी ब्यूटाइल टेप (मऊ, लांबीसारखी चिकट पट्टी), मग स्क्रू, स्क्रू आवळताना टेप चारही बाजूंनी थोडी बाहेर आली पाहिजे. जास्तीची कापून टाकायची आणि मग डायकॉर. आणि इथे हे सीलंट खरंच आवडतं. धिरड्याच्या पिठासारखं ते आपलं आपण पसरतं, स्क्रूच्या डोक्याभोवती जाऊन बसतं, कडा पातळ होत रबरात मिसळून जातात, बोटाने सारखं करायची गरज नाही. वरचा थर लवकर धरतो पण आतून पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात, तरी ते कडक होत नाही, रबरासारखं लवचिक राहतं. म्हणूनच ट्रेलर रस्त्यावर हलला, छत उन्हात ताणलं तरी भेग पडत नाही.

याउलट आमच्या छतावरच्या जुन्या व्हेंटभोवती (हवेचा झरोका) एका वर्कशॉपने साधं सिलिकॉन लावून दिलं होतं. ईपीडीएमला सिलिकॉन नीट धरतच नाही, अख्खी पट्टी नखाने सोलून निघाली आणि खाली ओल होती. पैसे घेऊन असं काम केलेलं बघून फार वाईट वाटलं. सिलिकॉन राहिलेल्या जागेवर दुसरं काही चिकटत नाही, त्यामुळे ते खरवडण्यात सगळी दुपार गेली.

अर्धा स्टार कशाचा कापला? एक तर हे फक्त सपाट जागेसाठी आहे. पुढच्या बाकदार भागाला किंवा उभ्या कडेला लावलं तर ओघळत खाली येतं, तिथे त्यांचंच न ओघळणारं 551 घ्यावं लागतं आणि ट्यूबवर हे अजून ठळक लिहायला हवं. दुसरं, थंडीत ट्यूब इतकी घट्ट होते की ती दाबायच्या गनवर हात दुखतो, आधी घरात उबेला ठेवा. आणि पांढरा रंग धुळीने मळतो पण त्याने काम बिघडत नाही.

इटर्नाबाँड टेपबद्दल (छत दुरुस्तीची चिकट पट्टी) पण विचारतात. ती जबरदस्त धरते, पण एकदा लावली की काढायची म्हणजे रबर फाटायची भीती. त्यामुळे फाटलेल्या जागेला किंवा लांब जोडाला ती, आणि पुढे कधी बदलू शकणाऱ्या पॅनेलच्या पायाला डायकॉर, असं माझं मत आहे.

चिकटवायचे लवचिक पॅनेल मी रबरावर लावणार नाही. खालून हवा नाही, पॅनेल तापतं, तापलं की वीज कमी देतं आणि खालचं रबरही भाजतं. झेड ब्रॅकेटने खाली जी फट राहते ती फार कामाची आहे. पॅनेल एसीच्या डब्याच्या सावलीत येणार नाहीत एवढं आधी टेपने आखून बघा, एवढी सावलीसुद्धा पॉवर बरीच पाडते. वायर आत न्यायला जुन्या गॅसच्या फ्रिजचा रूफ व्हेंट असेल तर तिथूनच न्या, एक भोक वाचलं. जोडणी करताना पॅनेलवर जाड चादर टाका आणि कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल.

आठ ब्रॅकेटना एक ट्यूब पुरत नाही, दोन घ्या, उरलेली वर्षातून दोनदा छत तपासताना कामी येते. घेताना ट्यूबवरची तारीख बघूनच घ्या, जुना माल नीट वाळत नाही.