रान राखायचं, मिश्र झाडं लावायची की रबर?

सिंधुदुर्गात दोडामार्गाकडच्या डोंगरउतारावर वडिलोपार्जित खाजगी रान असेल, तर तोडीचा ठेकेदार आणि रबराची रोपं दोन्ही दारात येतात. कार्बन आणि झाडांचं वैविध्य या दोन्हींची काळजी असणाऱ्याने काय करावं?

रबराचा हिशेब सोपा. सहा-सात वर्षांनी चीक सुरू होतो, झाडं झपाट्याने वाढतात, कार्बनही सुरुवातीला भराभर साठतो. पण पंचवीस-तीस वर्षांनी बाग तोडायची वेळ येते आणि लाकडाचं जळण झालं की तो कार्बन पुन्हा हवेत जातो. पडीक जमिनीवर रबर समजू शकतं. त्यासाठी उभं रान तोडणं मला अजिबात पटत नाही.

कारण लॅटिन अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेतल्या पुन्हा वाढलेल्या जंगलांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्यात झाडांच्या जातींची संख्या साधारण ६० वर्षांत मूळ पातळीजवळ येते, पण लाकडाचं वस्तुमान, म्हणजेच कार्बन, भरून यायला १२० वर्षांहून जास्त लागतात.

जास्त जाती म्हणजे जास्त कार्बन, असं मात्र सगळीकडे नसतं. काँगोच्या खोऱ्यात जवळपास एकाच जातीची जंगलंही भरपूर कार्बन धरून आहेत. वैविध्याचं मोल कळतं ते वाईट वर्षात. पश्चिम घाटातल्या अण्णामलई परिसरातल्या अभ्यासात साग-निलगिरीच्या लागवडींपेक्षा नैसर्गिक जंगलाची कार्बन शोषण्याची गती दुष्काळातही अधिक स्थिर राहिली. शिवाय जास्त कार्बन धरणाऱ्या जड लाकडाच्या अनेक झाडांची फळं मोठी असतात. ती गिळून बिया दूर टाकायला धनेश पक्षी लागतो, आणि धनेशाला ढोलीची जुनी झाडं.

मिश्र लागवड हा मधला मार्ग. बोर्निओतल्या साबा राज्यात २००२ पासून तोड झालेल्या जंगलात रोपं लावून पाहिली. एका जातीपेक्षा १६ जातींच्या मिश्रणाने जंगल लवकर सावरलं. खर्च मात्र बराच: रोपं, खड्डे, पहिली काही वर्षं बेणणी, म्हणजे तण काढणं.

म्हणून आधी जमीन फिरून बघा. ऐन, किंजळ, जांभळाच्या खोडांना फुटवे येत असतील आणि देवराई जवळ असेल, तर लागवडीवर पैसे घालू नका. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा साफ पट्टा, काढा; गुरं आवरा. खोडंच मेली असतील, तर देवराईतलंच बी गोळा करून मिश्र रोपं लावा. ऑस्ट्रेलियन बाभूळ नको.