लाइव्ह टेलिमेट्रीचा बॉक्स, दोन सीझन वापरून झाल्यावर

दोन सीझन झाले हा बॉक्स, म्हणजे रेस चालू असतानाच गाडीतले आकडे ट्रॅककडेच्या पिटमध्ये दाखवणारं यंत्र, आमच्या रेसच्या गाडीत बसवून, आता त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो, लॅप टाइम कमी होईल म्हणून लाइव्ह टेलिमेट्री घ्यायचा विचार असेल तर थांबा, त्याला साधा लॉगर, म्हणजे नंतर बघायला डेटा नुसता साठवणारा, पुरतो. लाइव्हचा खरा उपयोग इंजिन वाचवायला आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही, फक्त कुठला सेन्सर लावलाय आणि अलार्म कुठे वाजतो यावर सगळं अवलंबून आहे, बॉक्स किती भारी आहे त्यावर नाही.

आमची टीम पूर्ण हौशी, चार ड्रायव्हर मिळून एक जुनी रोड कार केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) घालून तयार केलेली, आणि रेस लांब पल्ल्याच्या, एकेकाचा स्टिंट, म्हणजे सलग चालवायची पाळी, दीड-दोन तासांचा. बॉक्समध्ये जीपीएस, कॅनचं (गाडीच्या कंट्रोलरांच्या आतल्या नेटवर्कचं) कनेक्शन, सेन्सर जोडायला काही अ‍ॅनालॉग इनपुट, मेमरी कार्ड आणि एक सिम. डेटा कार्डावर लिहिला जातो आणि तोच सिमवरून वर जाऊन पिटमधल्या टॅबलेटवर दिसतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण पुढे कंपनीबद्दल एक तक्रार आहे, आणि बाकी जे लिहिलंय ते या वर्गातल्या कुठल्याही बॉक्सला लागू पडेल.

आता पैसे वसूल कसे झाले ते सांगतो. दुसऱ्याच रेसला माझा स्टिंट संपवून मी टॅबलेटसमोर बसलो होतो. ट्रॅकवर एक लांबलचक उजवा कॉर्नर आहे, तिथे गाडी बराच वेळ एका बाजूला कललेली राहते. सरळ रस्त्यावर ऑइल प्रेशर 60 पीएसआयच्या (प्रेशरचं एकक) आसपास, पण त्या कॉर्नरमध्ये एका लॅपला 48 दिसलं, पुढच्याला 41, मग 33. आरपीएम प्रत्येक वेळी साधारण तेवढेच. लांब उजव्या कॉर्नरमध्ये संपमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल सगळं डावीकडे चढतं आणि ऑइल कमी असेल तर पंपाच्या पिकअपचं, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीचं, तोंड उघडं पडून तो हवा ओढायला लागतो. प्रेशरचा हा खड्डा एखादा सेकंदच टिकतो आणि त्या सेकंदाला ड्रायव्हरचे डोळे कॉर्नरच्या बाहेर लागलेले असतात, गेजकडे बघायचा प्रश्नच नाही. आणि रोड कारमधला ऑइलचा लाल दिवा प्रेशर जवळजवळ शून्यावर आल्याशिवाय लागत नाही, तोपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं.

रेडिओवर ड्रायव्हरला सांगितलं, "याच लॅपला आत ये." तो म्हणाला, "अरे गाडी मस्त चाललीये, कशाला?" म्हटलं, "ऑइल. ये आत." डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. दीड लिटर टाकलं, बाहेर सोडला, त्याच कॉर्नरला पुन्हा 50 च्या वर. त्या दिवशी गाडी शेवटपर्यंत पळाली. नंतर संपमध्ये बॅफल (ऑइलला एका बाजूला पळू न देणारे पडदे) बसवून घेतले तेव्हा तो खड्डा जवळजवळ भरून निघाला.

ऑइल प्रेशर ओबीडी पोर्टवरून, म्हणजे गॅरेजवाले स्कॅनर लावतात त्या सॉकेटवरून, मिळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ओबीडी टू 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना सक्तीचं झालं, पण ते एमिशन तपासायला, त्यामुळे त्याच्या स्टँडर्ड यादीत आरपीएम, स्पीड, थ्रॉटल, कूलंट टेम्परेचर आहे, ऑइल प्रेशर नाही. शिवाय तिथे एकेक आकडा विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची असं चालतं, चार-पाच चॅनेल मागितले की सगळं रेंगाळतं. कॅनवर गाडीचे कंट्रोलर आपसात जे बोलत असतात ते थेट ऐकता येतं म्हणून ते कितीतरी जलद, पण कुठला मेसेज कशाचा हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, तुमच्या मॉडेलचं कोणी आधी शोधून ठेवलं असेल तर नशीब नाहीतर बसा उकलत. ऑइल प्रेशरला वेगळा सेन्सर लावायचाच, पर्याय नाही.

सेन्सर तीन वायरींचा घ्या, 0.5 ते 4.5 व्होल्टवाला. शून्य प्रेशरला 0.5 व्होल्ट देतो, म्हणून वायर तुटून व्होल्टेज खरंच शून्य झालं तर ते प्रेशर गेल्यासारखं न दिसता चक्क उणे दिसतं आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की इंजिन ठीक आहे, वायर गेली. आमची पहिली दोन महिने एक चूक चालू होती, सेन्सर 150 पीएसआयचा आणि सेटिंगमध्ये रेंज 100 टाकलेली, म्हणजे सगळे आकडे दोन-तृतीयांश, आणि आम्ही उगाच पंप बदलायच्या गोष्टी करत होतो. साधा मेकॅनिकल गेज लावून एकदा ताडून बघितलं तेव्हा उलगडलं. नवीन सेन्सर लावला की हे ताडून बघणं पहिल्याच दिवशी करा.

आता जे इंजिन वाचलं नाही त्याबद्दल. पहिल्या सीझनची शेवटची रेस, टॅबलेटवर मीच होतो. कूलंट टेम्परेचर नेहमी 92-93 असायचं ते चढत 105 झालं, मी रेडिओवर म्हटलं जरा सांभाळून चालव, आणि मग ते उतरायला लागलं, 98, 90, 84. मला हायसं वाटलं. मी त्याला सांगितलं, "येतंय खाली, चालू ठेव." दोन लॅपनंतर गाडी पांढरा धूर सोडत गवतात उभी. होज क्लिप सैल होऊन पाणी निघून गेलं होतं, टेम्परेचर सेन्सर कोरडा लटकत होता, आणि सेन्सरला पाणी लागत नसेल तर तो इंजिनचं तापमान दाखवतच नाही, आजूबाजूच्या हवेचं दाखवतो. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. "येतंय खाली" हे माझे शब्द अजून डोक्यातून जात नाहीत, कारण आकडा खरा होता, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

म्हणून कूलंटचा प्रेशर सेन्सर लावा, टेम्परेचर असलं तरी लावा. गरम झालेली कूलिंग सिस्टिम बंद डब्यासारखी असते, रेडिएटर कॅप साधारण 13 ते 16 पीएसआयची, कुठे गळती लागली की टेम्परेचर अजून नॉर्मल असतानाच प्रेशर बसायला लागतं. म्हणजे पाणी संपायच्या आधी कळतं. गाडीच्या स्वतःच्या गेजवर तर मुळीच विसंबू नका, बऱ्याच रोड कारमध्ये तो काटा मुद्दाम मध्यभागी धरून ठेवलेला असतो, ड्रायव्हर घाबरू नये म्हणून, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जीपीएसचं थोडक्यात. ताशी 144 किलोमीटरला गाडी सेकंदाला 40 मीटर जाते. फोनचा जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा सांगतो, म्हणजे दोन बिंदूंत 40 मीटर, ब्रेक कुठे लावला ते त्यात विसरा. 10 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 10 वेळा, 4 मीटर, 25 हर्ट्झला दीड मीटरच्या जरा वर. आमचा 10 चा आहे आणि हौशी कामाला तो पुरतो, अँटेना मात्र छताच्या मध्यावर बाहेरून लावा, केजच्या पाइपखाली डॅशबोर्डवर ठेवली होती तेव्हा आमची गाडी नकाशावर मधूनच गवतातून चालल्यासारखी दिसायची.

लाइव्हच्या बाबतीत कंपन्या जे सांगत नाहीत ते हे की रेसच्या दिवशी मोबाइल नेटवर्कवर गर्दी असते. प्रॅक्टिसला पिटमध्ये डेटा सेकंद-दीड सेकंद मागे असायचा, रेसला कधी कधी दहा-दहा सेकंद, आणि ट्रॅकच्या खालच्या टोकाला टेकडीच्या आड तर स्क्रीन गोठूनच जायची. बॉक्स तेवढा डेटा जपून ठेवतो आणि सिग्नल आला की मागचं भरून काढतो, ते काम चांगलं करतो, पण इंजिन दहा सेकंद थांबत नाही. म्हणून अलार्म नुसता क्लाउडवर ठेवू नका. आमच्या बॉक्सला एक आउटपुट आहे त्यावर स्टिअरिंगच्या वर मोठा लाल एलईडी लावलाय, ऑइल किंवा कूलंट प्रेशर ठरवलेल्या आकड्याखाली गेलं की तो बॉक्सच पेटवतो, सिम असो नसो. ऑइलचा आकडा एकच ठेवू नका, आरपीएमनुसार ठेवा, नाहीतर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) उगाच पेटतो आणि मग ड्रायव्हर त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

ड्रायव्हरसमोर बाकी काही नको. आधी आम्ही डॅशवर दहा आकडे लावले होते आणि आमच्यातला सगळ्यात फास्ट ड्रायव्हर एका स्टिंटनंतर म्हणाला की मी वाचतोय का चालवतोय तेच कळेना. आता लॅप टाइम, डेल्टा (आधीच्या चांगल्या लॅपपेक्षा किती पुढे-मागे ते) आणि तो दिवा, बस. रेडिओवरही एकानेच बोलायचं असं ठरवलंय.

वायरिंगवर वेळ घाला, कारण दर तीन तक्रारींमागे दोन तिथल्याच. आमचा बॉक्स स्टार्टर मारताना रीस्टार्ट व्हायचा कारण बॅटरीचं व्होल्टेज तेव्हा खाली बसतं, पिट स्टॉपनंतर पहिली दोन मिनिटं आम्ही आंधळे. बॉक्सच्या पॉवरची फीड बदलून तो प्रश्न सुटला. सेन्सरचा ग्राउंड बॉडीला देऊ नका, बॉक्सच्याच पिनवर आणा, नाहीतर हेडलाइट लावले की ऑइल प्रेशर बदललेलं दिसतं, आमच्याकडे संध्याकाळी नेमकं हेच व्हायचं आणि आम्ही इंजिनमध्ये शोधत बसायचो. कॅन चालत नसेल तर गाडी बंद करून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा, 60 ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टोकांचे 120 ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत, 120 आलं तर एक गायब आहे. एवढं एक माहीत असतं तर आमचे दोन वीकएंड वाचले असते.

लॅप टाइमबद्दल मी वर जे म्हटलं ते पुन्हा जरा नीट सांगतो कारण मला स्वतःला डेटानेच फास्ट केलं, फक्त लाइव्ह डेटाने नाही. मी टीममेटपेक्षा एका लॅपला सव्वा सेकंद मागे होतो आणि माझी पक्की समजूत होती की मी लवकर ब्रेक लावतो, म्हणून आणखी उशिरा लावायला बघत होतो. घरी बसून दोघांचे स्पीडचे ग्राफ एकावर एक ठेवले तर मी त्याच्याही पुढे जाऊन ब्रेक लावत होतो, पण कॉर्नरच्या मध्यावर माझा कमीत कमी स्पीड त्याच्यापेक्षा सहा किलोमीटरने कमी आणि थ्रॉटल अर्ध्या सेकंदाने उशिरा. उशिरा ब्रेक मारून गाडीचा वेग जास्तच मारून टाकत होतो आणि मग बाहेर पडताना वाट बघत होतो. पुढच्या वेळी जरा आधी, हलका ब्रेक, हळूहळू सोडत आत नेली, तर पाऊण सेकंद त्या एका दिवसात आला. हे पिटमधून रेडिओवर सांगून होत नाही, तिथे चालवणाऱ्याला ऐकायलाही सवड नसते. एवढंच हवं असेल तर रेसक्रोनोसारखं अ‍ॅप आणि ब्लूटूथचा बाहेरचा जीपीएस पुरेसा आहे, किंवा 2020 मध्ये आलेलं गार्मिन कॅटॅलिस्ट, ते चालवताना कानात सूचनाही देतं. घेण्याआधी तुमच्या स्पर्धेच्या नियमांत लाइव्ह चालतं का ते बघा. फॉर्म्युला वनमध्येही पिटमधून गाडीच्या सेटिंग बदलता येणारी दुतर्फा टेलिमेट्री 2003 मध्ये बंद केली, गाडीकडून पिटकडे येणारी मात्र चालू राहिली.

आता तक्रार. एका रेसच्या आदल्या रात्री अ‍ॅपने फर्मवेअर अपडेट मागितलं, दिलं, आणि सगळ्या सेन्सरची कॅलिब्रेशन आणि अलार्मचे आकडे पुसले गेले, बॅकअप आपोआप होतो असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असताना. सपोर्टला लिहिलं, उत्तर चार दिवसांनी, तेही मॅन्युअलचं तेच पान पाठवलं. ज्या बॉक्सवर लोक इंजिन सोपवतात त्याच्या कंपनीने असं वागावं याचा मला अजून राग आहे. तेव्हापासून कॉन्फिगची फाइल आम्ही पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि रेसच्या आठवड्यात अपडेटला हात लावत नाही. हार्डवेअरला पाचपैकी साडेचार, सपोर्टला दोन.

इंजिन नवीन बांधल्यानंतरच्या तिसऱ्या रेसला टॅबलेट नेहमीसारखा टेकडीमागे गोठला होता आणि आम्ही पिटमध्ये पुढच्या ड्रायव्हरचे बेल्ट आवळत होतो, तेवढ्यात गाडी न बोलावता आत आली. "दिवा पेटला," तो म्हणाला. टेम्परेचर 93, एकदम नॉर्मल, कूलंट प्रेशर 4 पीएसआय. बॉनेट उघडलं तर खालच्या होजच्या क्लिपपाशी थेंब थेंब. इंजिन जरा निवू दिलं, क्लिप बदलली, पाणी भरलं, अकरा मिनिटं गेली, आणि तेच इंजिन अजून गाडीत आहे.